स्ट्रेन १९ आणि रक्ताची साक्ष

१९२३ साली अमेरिकेच्या कृषी खात्यातले संशोधक जॉन बक यांनी एका जर्सी गाईच्या दुधातून जंतूचं एक वाण वेगळं काढलं. त्याला क्रमांक पडला १९. जंतू चांगलाच जहाल होता. गाभण गाईच्या अंगात शिरला की पाचव्या ते आठव्या महिन्याच्या दरम्यान ती गाभडण्याची भीती असे. या वाणाची एक नळी प्रयोगशाळेत खोलीच्या तापमानालाच राहून गेली आणि सुमारे वर्षभर तिच्याकडे कोणी पाहिलं नाही. पुढे तपासलं तेव्हा आतले जंतू जिवंत होते, वाढतही होते, पण रोग देण्याची त्यांची धार गेली होती.

विज्ञानाच्या इतिहासात अशा राहून गेलेल्या नळ्यांच्या गोष्टी लोकांना फार आवडतात. सांगायला दोन मिनिटं पुरतात आणि नशिबावर विश्वास बसतो. मात्र ही मवाळ झालेली नळी म्हणजे लस आहे, ती किती जनावरांना वाचवते, कोणाला अपाय करते आणि तिच्यामुळे नवे कोणते घोटाळे होतात, हे ठरवायला पुढची सत्तर वर्षं गेली. त्यात हजारो गाई खपल्या, डझनभर मोठ्या चाचण्या झाल्या आणि काही माणसंही आजारी पडली. नशिबापेक्षा ही चिकाटीची कहाणी अधिक वाचण्यासारखी आहे.

आपल्याकडे पशुवैद्यकाच्या भाषेत या रोगाला सांसर्गिक गर्भपात किंवा ब्रुसेलोसिस म्हणतात. गोठ्यात म्हणतात, गाय गाभडली. गोठ्यातली एक गाय गाभडली की मागोमाग दुसरी, तिसरी गाभडते, हे जगभरच्या पशुपालकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. दोष मात्र कधी बुरशी आलेल्या चाऱ्याला जाई, कधी दुसऱ्या गाईच्या धडकेला, कधी दैवाला. १८९७ मध्ये कोपनहेगनच्या पशुवैद्यकीय विद्यालयातले प्राध्यापक बर्नहार्ड बँग आणि त्यांचे सहकारी स्ट्रिबोल्ट यांनी गाभडण्याच्या बेतात आलेली गाय मारून तिचं गर्भाशय तपासलं. वार आणि गर्भाशयाची भिंत यांच्यामधल्या स्रावात त्यांना बारीक जंतूंची दाटी दिसली. हा जंतू वाढवणं सोपं नव्हतं. नळीतल्या माध्यमाच्या पृष्ठभागावर तो येईना, तळाशीही येईना. पृष्ठभागाच्या थोडं खाली, हवा कमी असलेल्या एका पट्ट्यातच त्याचं बस्तान बसे. बँग यांनी तो निरोगी गाभण गाईंना देऊन त्याही गाभडतात हे दाखवलं, आणि अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी रोगाला बँग यांचंच नाव देऊन टाकलं.

त्याच्या दहा वर्षं आधी माल्टा बेटावर ब्रिटिश लष्करातले डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांनी तापाने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून एक जंतू काढला होता. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झमित यांनी तो तिथल्या धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांमध्ये शोधला. सैनिकांना शेळीचं दूध बंद केल्यावर ताप ओसरला. माल्टाच्या शेळीचा जंतू आणि डेन्मार्कच्या गाईचा जंतू जवळचे नातेवाईक आहेत, हे १९१८ मध्ये सांगितलं अमेरिकेतल्या अ‍ॅलिस इव्हान्स यांनी. त्या बाई होत्या, त्यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती, आणि कच्च्या दुधातून माणसाला धोका आहे हे दूध-व्यवसायाला ऐकायचं नव्हतं. त्यामुळे मान्यता मिळायला बरीच वर्षं गेली. मधल्या काळात, १९२२ मध्ये, प्रयोगशाळेतच त्यांना हा संसर्ग झाला आणि त्याने त्यांना पुढची अनेक वर्षं छळलं.

म्हणजे प्रश्न केवळ वासरू आणि एका वेताचं दूध गमावण्याचा उरला नव्हता. गाभडलेल्या गाईची वार आणि स्राव यांत अब्जावधी जंतू असतात. ते चाऱ्यावर, पाण्यात, गोठ्याच्या जमिनीवर पडतात, कासेतून दुधात उतरतात आणि वार काढायला हात घालणाऱ्या माणसाच्या कातडीवरच्या बारीकशा खरचटीतूनही आत जातात.

लस करण्याचे पहिले प्रयत्न सरधोपट होते. मारलेले जंतू टोचून पाहिले, त्यांचा फारसा उपयोग झाला नाही. हा जंतू शरीराच्या पेशींच्या आत दडून राहतो. नुसत्या प्रतिपिंडांनी तो हाती लागत नाही. मग इंग्लंडमध्ये मॅकफॅडियन आणि स्टॉकमन यांनी जहाल जंतूच जिवंतपणी, गाय गाभण नसताना, टोचण्याचा मार्ग धरला. गाई कमी गाभडू लागल्या, शेतकरी खूश झाले. पण टोचलेल्या गाईंपैकी काही कायमच्या जंतूवाहक झाल्या आणि दुधातून जंतू बाहेर टाकू लागल्या. लसीने गाय वाचली आणि रोग टिकला. लस चालते म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न तिथेच पहिल्यांदा ठसठशीत उभा राहिला: गाय गाभडली नाही एवढं पाहायचं, की तिच्या अंगात जंतूच राहिला नाही हे पाहायचं?

बक यांची हुशारी नळी उघडण्यात होतीच, पण त्याहून मोठी होती ती कोणाला टोचायचं हे ठरवण्यात. हा जंतू लहान वासराच्या अंगात फार काळ टिकत नाही. त्याला प्रिय असतं ते गाभण गर्भाशय. म्हणून त्यांनी कालवडींना, त्या माजावर येण्याच्या किती तरी आधी, मवाळ झालेलं एकोणीस नंबरचं वाण टोचलं. त्या मोठ्या झाल्या, गाभण राहिल्या, मग त्यांना जहाल जंतू दिला. १९३० मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. टोचलेल्या कालवडींपैकी बहुतेकींनी पूर्ण दिवसांची वासरं दिली. न टोचलेल्यांची दैना झाली.

चार वर्षांनी, १९३४ मध्ये, अमेरिकेत भीषण दुष्काळ पडला. चारा नव्हता, जनावरं कवडीमोल झाली होती, आणि सरकार ती विकत घेऊन कमी करत होतं. त्याच सपाट्यात ब्रुसेलोसिसची देशव्यापी मोहीम सुरू झाली: रक्त तपासायचं आणि दोषी ठरलेलं जनावर कत्तलखान्यात पाठवायचं. पहिल्या वर्षात तपासलेल्या प्रौढ जनावरांपैकी ११.५ टक्के दोषी निघाली. १९४० च्या सुमारास कालवडींना स्ट्रेन १९ टोचण्याला या मोहिमेत अधिकृत जागा मिळाली.

लसीची कसोटी कशी लागते, ते इथे सविस्तर सांगायला हवं, कारण पुढचे सगळे वाद त्यातूनच निघाले. रोगमुक्त कळपातल्या कालवडी निवडायच्या. चार ते आठ महिन्यांच्या वयात अर्ध्या टोचायच्या, अर्ध्या तशाच ठेवायच्या. वर्षभराने त्या भरवायच्या. गाभणपणाचा सहावा महिना संपत आला की सगळ्यांच्या डोळ्यांत थेंब टाकायचे. थेंबात २३०८ या नंबराच्या जहाल वाणाचे सुमारे १ कोटी जंतू. मात्रा फार कमी असेल तर न टोचलेल्या गाईही वाचतात आणि प्रयोग वाया जातो. फार जास्त असेल तर चांगली लसही हरते. मग वाट पाहायची. कोण गाभडतं, कोण अशक्त वासरू देतं, कोणाची वार अडकते. शेवटी गाई मारून लसिकाग्रंथी, कास, गर्भाशय, वासराचं फुप्फुस आणि पोटातला द्रव, अशा कित्येक ठिकाणचे नमुने माध्यमावर लावून जंतू शोधायचा. एकही वसाहत वाढली तरी ती गाय बाधित धरायची. एका चाचणीला दोन वर्षं सहज जातात, आणि ती हवा गाळल्याशिवाय बाहेर जाऊ न देणाऱ्या कडेकोट गोठ्यांत करावी लागते. दहा-वीस गाईंच्या प्रत्येक गटामागे किती पैसा आणि धीर लागतो हे लक्षात घेतलं, की या क्षेत्रातले आकडे लहान का असतात ते कळतं.

अमेरिकेच्या कृषी खात्यातले सी. ए. मँथाय यांनी १९५० च्या दशकात अशा प्रयोगांचा मोठा साठा एकत्र मांडला. चित्र स्पष्ट झालं. स्ट्रेन १९ साधारण ६५ ते ७५ टक्के गाईंना वाचवतं. कळपात जंतूचा मारा कमी असला तर याहून अधिक, भयंकर असला तर कमी. ही लस ढाल आहे, भिंत नव्हे.

इंग्लंडमध्ये दुसरं एक वाण स्पर्धेत होतं. मॅकएवेन यांनी गिनीपिगमधून वीस वेळा पार करून ४५/२० नावाचं वाण तयार केलं होतं. त्याचं आकर्षण असं, की त्याच्या पृष्ठभागावरची साखरेची लांब साखळी गळालेली होती, त्यामुळे गाईच्या रक्तात ओळखण्याजोगे प्रतिपिंड उरत नसत. १९४९ मध्ये टेलर आणि मॅकडायर्मिड यांनी दोन्ही वाणं गाभण व दुभत्या गाईंत पारखली. स्ट्रेन १९ आपल्या मवाळ स्वभावावर ठाम राहिलं. ४५/२० मात्र गाईच्या अंगात पुन्हा जहाल रूपात परतलं. जिवंत लस म्हणून त्याचा खेळ तिथेच आटोपला. पुढे ते मारून, तेलात मिसळून काही देशांत वापरलं गेलं.

स्ट्रेन १९ एवढं ठाम का, याचा एक धागा बऱ्याच उशिरा सापडला. १९६२ मध्ये हॅरी स्मिथ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की गाईच्या गर्भात आणि वारेत एरिथ्रिटॉल नावाची शर्करा भरपूर असते आणि जहाल जंतू तिच्यावर तुटून पडतो. स्ट्रेन १९ ची वाढ मात्र त्याच शर्करेमुळे अडते. १९९४ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांना त्याचं कारण दिसलं: एरिथ्रिटॉल पचवणाऱ्या जनुकांतला ७०२ अक्षरांचा तुकडा या वाणातून गळालेला आहे. मवाळपणाचं ते एकमेव कारण नाही, हे पुढच्या कामातून समजलं. तरी जंतूच्या आवडत्या घरात त्यालाच थारा मिळू नये, हा योगायोग मजेशीर आहे.

मग अडचण कुठे आली? लसीच्या यशातच. स्ट्रेन १९ च्या अंगावर ती साखरेची साखळी शाबूत असते. गाईचं शरीर तिच्याविरुद्ध प्रतिपिंड तयार करतं, आणि रक्ताची चाचणी नेमके तेच प्रतिपिंड शोधते. म्हणजे टोचलेली निरोगी गाय आणि बाधित गाय चाचणीपुढे उभ्या राहिल्या की दोघींची साक्ष सारखीच. कालवड लहान वयात टोचली तर प्रतिपिंड बहुधा विरून जात. उशिरा टोचली किंवा मोठ्या गाईला टोचली तर ते वर्षानुवर्षं टिकत. परिणामी लस घेतलेल्या निर्दोष गाई कत्तलखान्यात जात, आणि लस घेतली आहे ना, मग असू दे, असं म्हणून खऱ्या बाधित गाई कळपात राहत. मोहीम जसजशी यशस्वी होत गेली तसतसं हे दुखणं वाढलं. शंभरात अकरा जनावरं बाधित असताना एखादी चूक खपून जाते. हजारात एखादंच उरल्यावर दोषी ठरणाऱ्यांपैकी बहुतेक निर्दोषच असतात.

यावर कमी मात्रेचे प्रयोग झाले, डोळ्यातून लस देऊन पाहिली, पूरक चाचण्यांची रांग लागली. गाभण गाईला लस दिली तर तीच गाभडू शकते, वळूला दिली तर वृषणाला सूज येते, आणि लस टोचताना सुई स्वतःच्या बोटाला लागलेल्या पशुवैद्यकाला महिनोन्‌महिने तापही येऊ शकतो, ही दुखणी होतीच. तरी आकडे खाली आले. १९५६ मध्ये चाचण्यांमध्ये १ लाख २४ हजार बाधित कळप सापडले होते. १९९२ मध्ये ७००. आणि जितके कमी कळप उरले तितका चाचणीतला गोंधळ अधिक असह्य झाला.

व्हर्जिनिया टेकमधले गेरहार्ट शुरिग यांनी ४५/२० ची जुनी कल्पना नव्याने हाती घेतली. कसोटीसाठी वापरला जाणारा जहाल २३०८ घेऊन त्यांनी तो रिफाम्पिसिन हे प्रतिजैविक मिसळलेल्या माध्यमावर पुन्हा पुन्हा वाढवला. त्यातून साखळी गमावलेलं एक वाण निघालं, आरबी-५१. ते मागे फिरत नाही, हे गाई आणि प्रयोगशाळेतल्या प्राण्यांमधून वारंवार पार करून पाहिलं, आणि १९९१ मध्ये त्याचे गुणधर्म प्रसिद्ध झाले. पुढची कसोटी लागली आयोवातल्या एम्स इथल्या राष्ट्रीय पशुरोग केंद्रात. नॉर्मन शेव्हिल आणि नंतर स्टीव्ह ऑल्सेन यांनी कालवडी टोचल्या, गाभण केल्या आणि २३०८ चे थेंब डोळ्यांत टाकले, म्हणजे लेकाच्या भरवशावर आईला तोंड द्यायला लावलं. आरबी-५१ ने स्ट्रेन १९ च्या तोडीचं संरक्षण दिलं, आणि रक्ताच्या नेहमीच्या चाचणीत टोचलेल्या गाई नकारात्मक राहिल्या. १९९६ मध्ये अमेरिकेत लसीला सशर्त परवाना मिळाला, २००३ मध्ये पूर्ण. आता टोचलेल्या कालवडीच्या उजव्या कानात गोंदण आणि नारिंगी बिल्ला असला, तरी तिचं रक्त लसीविषयी चकार शब्द काढत नव्हतं.

सगळ्यांना हे पटलं नाही. २००४ मध्ये नवारा विद्यापीठातले इग्नासिओ मोरियोन आणि सारागोसातले होसे मारिया ब्लास्को यांनी सहकाऱ्यांसह साखळी नसलेल्या सगळ्या लसींचा पुरावा तपासला आणि तो वाटतो तितका भक्कम नाही, असं रोखठोक लिहिलं. जंतूचा मारा जबर असेल तिथे आरबी-५१ मागे पडते, दोन्ही लसींची समोरासमोर तुलना थोडीच झाली आहे, आणि चाचणी सोपी झाली म्हणून लस चांगली ठरत नाही, हा त्यांचा रोख. त्यांच्या म्हणण्यात वजन आहे. ज्या देशात रोग संपत आला तिथे चाचणीची स्वच्छता मौल्यवान असते; जिथे रोग बोकाळलेला आहे तिथे संरक्षणाचे पाच टक्केही जास्त मोलाचे.

गोठ्याबाहेर, अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या जंगली बायसन गव्यांतही हा रोग होता, आणि बायसनांनी दोन्ही लसींना खाली पाहायला लावलं. स्ट्रेन १९ दिलेल्या गाभण बायसन माद्यांपैकी पुष्कळ गाभडल्या. आरबी-५१ नेही गाभण माद्यांत गर्भपात घडवले. एल्क हरणांत तर ती फारशी चाललीच नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये टेक्सास रोगमुक्त ठरलं आणि अमेरिकेतली पन्नासही राज्यं पहिल्यांदाच एकाच वेळी या यादीत आली. त्याच सप्टेंबरात माँटाना यादीतून बाहेर पडलं. संसर्ग जंगलातून परत गोठ्यात येत होता.

माणसांच्या बाबतीत आरबी-५१ चा सद्‌गुण उलटला. १९९७ मध्ये कॅन्ससमध्ये लस दिलेल्या कालवडीचं मेलेलं वासरू काढताना नऊ जणांचा या वाणाशी संबंध आला. त्यानंतर २०१७ मध्ये टेक्सासमध्ये कच्चं दूध पिणारी एक स्त्री आरबी-५१ मुळे आजारी पडली, आणि २०१८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सापडलेल्या एका रुग्णाचा माग पेनसिल्व्हेनियातल्या कच्च्या दुधापर्यंत लागला. ते दूध १९ राज्यांत पोचलं होतं. क्वचित एखादी टोचलेली गाय हा जंतू दुधातून बाहेर टाकते. आता अडचण दुहेरी. माणसाच्या रक्ताची नेहमीची चाचणी या वाणाला ओळखतच नाही, कारण ती या वाणात नसलेल्या साखळीविरुद्धचे प्रतिपिंडच शोधते. आणि ब्रुसेलोसिसवरच्या दोन मुख्य औषधांपैकी रिफाम्पिसिन त्याच्यापुढे निकामी, कारण तो त्याच औषधावर वाढवून निवडलेला आहे. दूध उकळलं किंवा पाश्चराइझ केलं तर हा सगळा प्रश्नच उद्‌भवत नाही, हे अ‍ॅलिस इव्हान्स यांनी शंभर वर्षांपूर्वी सांगितलं होतं.

ऑस्ट्रेलियाने १९७० मध्ये मोहीम सुरू केली आणि स्ट्रेन १९, मारलेलं ४५/२० आणि कठोर कत्तल यांच्या जोरावर १९८९ मध्ये रोगाचा निकाल लावला. भारताची गणितं वेगळी. इथल्या बहुतेक राज्यांत दोषी ठरलेली गाय मारता येत नाही. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्याने बंदी आली आणि २०१५ मध्ये बैल व वळूही तिच्या कक्षेत आले. मग चाचणीत सापडलेली गाय एक तर गोठ्यातच राहते, नाही तर बाजारात दुसऱ्याच्या दावणीला जाते. अशा ठिकाणी लसीने रक्ताची साक्ष बिघडवली तर फारसं काही बिघडत नाही, कारण त्या साक्षीवर कोणाला शिक्षाच होत नाही. म्हणून ११ सप्टेंबर २०१९ रोजी मथुरेत सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमाने ब्रुसेलोसिससाठी आरबी-५१ बाजूला ठेवून जुनं स्ट्रेन १९ निवडलं: चार ते आठ महिन्यांच्या कालवडी आणि म्हशींच्या पारड्यांना आयुष्यात एकदा, दरवर्षी ३ कोटी ६० लाखांचं लक्ष्य, खर्च पूर्ण केंद्राचा.

ही निवड व्यवहारी आहे, पण ती सगळा भार टोचणाऱ्याच्या हातावर आणि लसीच्या प्रत्येक घाण्यावर टाकते. एका मात्रेत हजारो कोटी जिवंत जंतू असतात. शीतसाखळी तुटली की ते मरतात आणि सुईत राहतं नुसतं पाणी. शिवाय जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या नियमांनुसार लस ज्यापासून वाढवतात ते मूळ बियाणं उंदरांमध्ये पारखावं लागतं. लस टोचलेल्या निम्म्या उंदरांच्या प्लीहा जंतूमुक्त व्हायला किती आठवडे लागतात ते मोजतात. स्ट्रेन १९ साठी हा काळ साधारण सात आठवडे यायला हवा. फार कमी आला तर लस दुबळी झाली असं समजायचं. गोठ्यात टोचणाऱ्याने हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घालायचा, वयात न बसणारं वासरू सोडून द्यायचं आणि गाभण गाईजवळ सुई न्यायची नाही, हे नियम कागदावर सोपे दिसतात. दिवसभरात शेकडो वासरं धरणाऱ्या माणसाला ते पाळायला वेळ लागतो.

दरम्यान बरेलीजवळच्या इज्जतनगर इथल्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने स्ट्रेन १९ मधलं साखळीच्या घडणीशी संबंधित ‘पर’ नावाचं जनुक काढून टाकलेलं नवं वाण तयार केलं आहे. त्याने संरक्षण जुन्या लसीचंच द्यावं आणि टोचलेली कालवड बाधित कालवडीपासून चाचणीत वेगळी ओळखू यावी, ही त्यामागची अपेक्षा आहे.